साखरेचा धूर : येथला आणि जर्मनींतला



येथें पुंडलिकनगरांत सकाळच्या चहांत आपण चमचाभर साखर घालतों, तेव्हां तिच्यामागें किती धूर निघाला असेल हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु पृथ्वीचें तापमान वाढविणाऱ्या वायूंचा हिशेब आतां देशोदेशीं मांडला जात आहे, आणि अन्न तयार करणारे कारखानेही त्यांतून सुटलेले नाहींत. म्हणून साखर हा एकच पदार्थ घेऊन आपला महाराष्ट्र व जर्मनी यांची तुलना करूं. शेतांतील खतपाणी आज बाजूस ठेवूं. कारखान्याच्या फाटकाच्या आंत काय घडतें तेवढेंच पाहूं.

जर्मनींत साखर बीटापासून काढतात. बीटाच्या कंदांत उंसाचीच साखर असते हें बर्लिनच्या मार्गग्राफ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें १७४७ सालीं दाखविलें, आणि त्याचा शिष्य आखार्ड यानें १८०१ सालीं सायलेशियांतील कुनर्न येथें कारखाना काढला. आपल्याकडे लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळांच्या साहाय्यानें उभारलेल्या सहकारी कारखान्याचें गाळप १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झालें. कृति दोहींकडे मुळांत एकच : रस काढावयाचा, चुन्यानें निवळावयाचा, आटवावयाचा व दाणा पाडावयाचा. खरा खर्च आटविण्याचा, कारण रसांत पाणीच फार.

ही वाफ कशावर होते, यावर सारें अवलंबून आहे. एक टन ऊंस गाळला कीं सुमारें पावणेतीनशें ते तीनशें किलो चिपाड उरतें. कारखान्यांत त्यास बगॅस म्हणतात. त्यांत निम्में पाणी असतें, तरीही त्यावर कारखान्याची भट्टी चालून वर उरतें. त्याच्या धुरांतला कर्बवायु, म्हणजे कार्बन डायॉक्साइड, त्याच उंसानें वर्षा-दीड वर्षांत हवेंतून घेतलेला असतो. घेतलेलें परत गेलें, इतकेंच. जर्मनींत बीटाचा चोथा जाळीत नाहींत. तो बहुधा गुरांस चारतात, आणि वाळवावयाचा झाल्यास त्यासही उष्णता लागते. वाफ होते ती बहुतांशीं नैसर्गिक वायूवर व कांहीं ठिकाणीं कोळशावर. हा कर्ब कोट्यवधि वर्षें भूगर्भांत पडून होता.

येथें आपण जिंकलों असें म्हणण्याचा मोह होतो. मला तो मान्य नाहीं. जिंकला तो ऊंस. जळण विकत घ्यावें लागतें म्हणून जर्मन कारखानदार वाफेचा कण न् कण पुनःपुन्हां वापरतो. आपल्याकडे उलट झालें. वीज विकण्याची सोय नव्हती तोंवर उरलेलें चिपाड ही अडचणच होती, त्यामुळें तें सगळें जळून जाईल अशाच बेतानें भट्ट्या बांधल्या गेल्या. जुन्या धर्तीच्या कारखान्यांत शंभर किलो उंसामागें पन्नास किलोंच्या आसपास वाफ लागे. फुकटचें जळण माणसास उधळ्या बनवितें. शिवाय मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारें सांडपाणी उघड्या तळ्यांत कुजूं दिलें तर मिथेन निघतो, आणि तो वजनास वजन धरून, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कर्बवायूच्या सुमारें २८ पट उष्णता अडवितो. बंद टाकींत धरला तर तोच जळण होतो.

दळणाची गोष्ट निराळी. गिरणी विजेवर चालते, आणि भारतांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज कोळशाची आहे. एका युनिटमागें येथें सुमारें ७०० ग्रॅम कर्बवायु निघतो. जर्मनींत वारा व सूर्य यांच्यामुळें त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हां सारख्याच गिरणीनें तितकींच युनिटें खाऊन तितकेंच पीठ दळलें, तरी येथला धूर दुप्पट.

म्हणूनच कारखान्यांत वांचलेल्या वाफेचें महत्त्व. तिची वीज हंगामांत तारांवर आली कीं तितकी कोळशाची वीज कमी लागते. वाफ पन्नासांवरून चाळिसांवर आणणारीं यंत्रें आज आहेत, नव्या कारखान्यांत तीं बसलींही आहेत. प्रश्न जुन्यांचा आहे, जेथें उंसाचे पैसे चुकते करतांनाच संचालकांची ओढाताण होते.