वर्ण्य क्रीममधील पारा आणि वृक्कविकार

वांग, काळे डाग किंवा वर्ण यांविषयीची तक्रार घेऊन येणारे रुग्ण पुण्यातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहेत. आपल्याकडे येण्यापूर्वी त्यांनी बहुधा एखादे ‘गोरेपणाचे क्रीम’ वापरलेले असते. ते औषध नव्हे, या समजुतीने रुग्ण त्याचा उल्लेख करीत नाही आणि आपणही विचारीत नाही. हा प्रश्न विचारणे किती अगत्याचे आहे, हे अकोल्याच्या घटनेने दाखवून दिले.

२०२३ च्या आरंभी ही घटना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. अकोल्यातील एक युवती, तिची आई व बहीण या तिघींना वृक्कविकार जडला होता. तिघी एकच क्रीम वापरीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आयुर्वेद प्रयोगशाळेत त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रमाण फार मोठे आढळले.

पारा कसा बाधतो?

त्वचेतील कृष्णवर्णी रंगद्रव्य तयार होण्यास टायरोसिनेज हे विकर लागते. पाऱ्याचे क्षार त्याचे कार्य रोखतात. त्यामुळे वर्ण अल्पकाळात उजळतो. परंतु पारा त्वचेतून शोषला जाऊन वृक्कात साठतो. लेपद्रव्यांचे पचन भ्राजक पित्त करते, हे सुश्रुताचार्यांनी सांगितलेच आहे. तेव्हा ‘वरून लावण्याचे’ म्हणजे निर्धोक, असे आपण तरी मानू नये. हात, टॉवेल व उशी यांच्याद्वारे हा पारा घरातील मुलांपर्यंतही पोहोचतो.

केरळमधील कोट्टक्कल येथील वृक्कतज्ज्ञांनी मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ हा विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरणारे होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली. वेळीच निदान झाल्यास हा विकार बहुधा आटोक्यात येतो, ही यातील दिलाशाची बाब होय.

आत्मपरीक्षण

केवळ प्रसाधनांकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. पारदयुक्त पारंपरिक औषधे घेणाऱ्यांतही हाच ‘नेल-१’ प्रकार आढळल्याचे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. शोधन व मारण यांचे महत्त्व आम्ही जाणतोच. तथापि रसकल्प सुरू असताना शोथ दिसल्यास कल्प तत्काळ थांबवून तपासणी करणे, यातच रुग्णाचे हित आहे आणि शास्त्राची प्रतिष्ठाही.

वैद्यांनी काय करावे?

१. प्रत्येक त्वग्विकार व शोथ रुग्णास चेहऱ्याला काय लावता, कोठून आणले व घरात आणखी कोण वापरते, हे विचारावे.

२. पाय किंवा पापण्यांवर सूज, फेसाळ मूत्र, हातांना कंप, निद्रानाश आढळल्यास मूत्रातील अल्ब्युमिन तपासावे. केवळ शोथहर चिकित्सेवर न थांबता रुग्णास वृक्कतज्ज्ञांकडे पाठवावे.

३. क्रीम तत्काळ बंद करावे. मात्र डबी टाकू देऊ नये, ती तपासणीस उपयोगी पडते.

औषधविक्रेत्यांनी काय करावे?

सौंदर्य प्रसाधन नियम, २०२० अन्वये अनवधानाने आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्ष भागांत १ भाग आहे. नेत्रप्रसाधनांसाठी ती ७० भाग आहे. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची मुदत नसलेली डबी दुकानात ठेवू नये. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरिक, कॅलोमेल अथवा मर्क्युरस क्लोराइड असे शब्द असल्यास माल नाकारावा. घटकांची यादी स्वच्छ दिसली तरी ‘आठ दिवसांत गोरेपणा’ असा दावा संशयास्पदच समजावा. ‘आयुर्वेदिक’ असे लिहून खुल्या डब्यांत येणारा माल तर कधीही घेऊ नये. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे.

अशा एका डबीवर मिळणारा नफा थोडा असतो. ग्राहकाचा विश्वास मात्र आपल्या दुकानावर व आपल्या शास्त्रावर असतो. तो जपणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.