चौघांतला एक बदलताना

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल ड्रम शिकवायचा आणि वाद्यांचं दुकान चालवायचा. 1962 मध्ये त्याच्या तंत्रज्ञांनी अमेरिकन फेंडर बासमन समोर ठेवून गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बनवला. बासमनचे दहा इंची चार स्पीकर उघड्या पाठीच्या पेटीत असत. मार्शलने बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत कोंबले. मापामागे ध्वनिशास्त्र वगैरे काही नव्हतं. चौघे जेमतेम मावतील एवढी पेटी, इतकाच हिशेब. ‘द हू’ या रॉक बँडच्या पीट टाउनशेंडला तेवढंही पुरेना. त्याने आठ स्पीकरांची एकच पेटी मागितली. ती उचलणाऱ्यांनी हात टेकल्यावर चार-चारच्या दोन पेट्या एकावर एक चढल्या. रॉकच्या रंगमंचावरची काळी भिंत ती हीच.

आत असायचे सेलेस्टियनचे स्पीकर. मॅग्नेटवरच्या हिरव्या टोपणामुळे ‘ग्रीनबॅक’ म्हणून गाजलेला नग 25 वॉटचा. चार मिळून 100, आणि पेटीवरचं हेड, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही 100 वॉटचा. शिल्लक काही नाही.

यातला एक बदलायचा तर आधी जोडणी समजून घ्यावी. प्रत्येक स्पीकर 16 ओहमचा धरा. दोन-दोनच्या जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे 32-32. त्या दोन जोड्या पॅरलल, म्हणजे पुन्हा 16. या रचनेमुळे एकाची कॉईल तुटली की जोडीदारही गप्प होतो आणि पेटीचे दोन स्पीकर गेले असं वाटतं. दुसरा बहुधा धडधाकट असतो. तार सोडवून मीटर लावला की चांगला स्पीकर 12-13 ओहम दाखवतो, तुटलेला काहीच नाही. तार न सोडवता मोजलं तर बाकीच्या तिघांतून फिरून आलेला भलताच आकडा दिसतो.

आता खरी गोम. दुकानात 16 ओहमचा मिळाला नाही म्हणून 8 चा बसवला, तर एकूण आकडा पावणेचौदाच्या आसपास येतो. अ‍ॅम्प्लिफायर कुरकुरत नाही, वाजतंही छान. पण 100 वॉटची वाटणी बदलते. नव्याच्या वाट्याला 19 वॉट, पलीकडच्या जोडीला 21-21 आणि नव्याच्या जुन्या जोडीदाराला 38! नवा आरामात, जुना जळायच्या वाटेवर. महिन्याभराने तो गेला की लोक म्हणतात, जुनाच होता, जायचाच. नव्या स्पीकरची वॉट क्षमता सगळे विचारतात, ओहम फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा.

दुसरी गोष्ट प्लस-मायनसची. स्पीकरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर यायला हवा. जेबीएल कंपनीचे जुने स्पीकर मात्र उलटे वागतात, त्यामुळे लाल खुणेवर भिस्त नको. चौघांत एक उलटा लागला तर तिघे हवा पुढे ढकलतात तेव्हा तो मागे ओढतो. खर्ज पातळ होतो आणि दोष गिटारवाल्याच्या माथी जातो.

स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, नाहीतर चौकट पिळते. आणि पेचकस मॅग्नेटपासून जपून धरावा, खेचला गेला तर नवा कोरा कोन फाटलाच. पाठ लावण्याआधी जॅकवर मीटर टेकवायचा. तिथेही 12-13च दिसले पाहिजेत. तीन दिसले तर चौघेही पॅरलल लागलेत. हेडला जोडायची वायर स्पीकरची जाड वायर असावी, गिटारची शील्डेड नव्हे. आणि व्हॉल्व्हचं हेड असेल तर ती वायर लागेपर्यंत स्विच चालू करायचा नाही. लोड नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो चारही स्पीकरांहून महाग पडू शकतो.