सहा हजार वाव खोल

"बाई, आमची रापण खयपर्यंत पोचता?"

सहावीतल्या मुलीनं हे विचारलं तेव्हा आम्ही वाचनालयाच्या संगणकावर समुद्रात उतरत होतो. पडद्यावर खोलीचा आकडा सरकत होता, २०० मीटर मागे पडले होते आणि निळा रंग काळवंडत चालला होता. तिच्या घरची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मी म्हटलं, "तुमच्या रापणीखाली पाणी किती असतं ते तूच सांग." ती म्हणाली, "आजो सांगता, चार-पाच वाव." मग मी पान उलट सरकवत अगदी वर गेले, पृष्ठभागाला चिकटलेल्या बोटभर पाण्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे." पंधरा मुलं होती. सगळी गप्प झाली.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होणारं अंतर, साधारण सहा फूट. मालवणात जुनीजाणती माणसं अजून पाणी वावातच मोजतात. त्या शनिवारी आम्ही पुन्हा वरून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत उतरलो. ३३२ मीटर, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून माणूस जिथवर बुडी मारून आला ती खोली. १,००० मीटर, जिथून खाली सूर्याचा प्रकाश पोचतच नाही. ३,८०० मीटरच्या आसपास टायटॅनिक पडलेली आहे. त्याच्याही खाली पान सरकतच राहतं. एव्हरेस्ट उलटा करून पाण्यात सोडला तर त्याचं टोक जिथे येईल, ती जागाही मागे पडते. तळ लागला तेव्हा आकडा १०,९०० मीटरच्या पुढे गेला होता. फळ्यावर भागाकार मांडला. जवळजवळ ६,००० वाव. तिथे १९६० साली जाक पिकार आणि डॉन वॉल्श ही दोन माणसं 'त्रिएस्त' नावाच्या यानातून पहिल्यांदा पोचली. खाली उतरायला त्यांना पाच तासांच्या आसपास लागले होते. आम्हाला सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

या पानाचं नाव 'द डीप सी'. नील अगरवाल या अमेरिकेतल्या तरुण प्रोग्रामरनं ते २०१९ साली केलं आणि 'नील डॉट फन' या आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी मोफत ठेवलं. पानात विशेष असं काहीच नाही. वरून खाली सरकवायचं, एवढंच. ज्या खोलीवर जो जीव राहतो तो त्या खोलीवर दिसतो. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. समुद्राची खोली दाखवायला फळ्यावर उभा छेद काढत असे, पण हाताच्या लांबीच्या फळ्यावर अकरा किलोमीटर कधी खरे वाटले नाहीत. बोट दुखेपर्यंत पान सरकवल्यावर ते मुलांना खरे वाटले. मलाही.

निवृत्तीनंतर दर शनिवारी दुपारी मी गावातल्या वाचनालयात मुलांसाठी दोन तास बसते. तिथे एक संगणक आहे आणि भिंतीला लावलेला पांढरा पडदा. मुलांच्या घरात मोबाइल आहेत, इंटरनेट आहे, पण त्यांना इंटरनेट म्हणजे तीन-चार ॲपच ठाऊक असतात. अंगठा वर ओढला की पुढचा व्हिडिओ, तो संपायच्या आत त्याच्या पुढचा. त्याला तळच नाही. म्हणून मी मुलांसाठी पान निवडताना दोन गोष्टी बघते. ते कुठेतरी संपतं का? आणि ते कुण्या माणसानं मनापासून केलंय, असं दिसतं का? दोन्हींचं उत्तर हो आलं, तर मी ते आधी घरी स्वतः पूर्ण बघते आणि मगच शनिवारी उघडते.

आधी बघते, याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी 'मोफत खेळ' असं शोधून मिळालेलं एक पान न तपासता उघडलं. खेळ सुरू करायचं बटण कोणतं आणि जाहिरात कोणती, हे मुलाला कळेना. त्यानं मोठं हिरवं बटण दाबलं आणि संगणकात भलतंच काहीतरी उतरलं. दुरुस्ती होईपर्यंत दोन शनिवार गेले. तेव्हापासून नियम ठरला: जे पान आत शिरण्याआधी फोन नंबर मागतं, काही उतरवून घ्यायला लावतं, किंवा ज्याच्यावर खेळापेक्षा जाहिराती जास्त, ते बंद करायचं. चांगल्या पानावर बहुधा यातलं काही नसतं आणि ते कोणी केलं त्याचं नाव कुठेतरी कोपऱ्यात लिहिलेलं असतं. ते नाव टिपून ठेवावं, कारण एक चांगली गोष्ट करणाऱ्या माणसानं बहुतेक वेळा आणखीही चार केलेल्या असतात.

असंच एक नाव जॉश वर्थ. चंद्र जर पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढा असेल तर बाकीची सूर्यमाला केवढी होईल, हे त्यानं २०१४ साली एका आडव्या पानावर मांडलं. त्या मापानं सूर्य होतो साधारण ४०० ठिपक्यांचा आणि पृथ्वी जेमतेम चार ठिपक्यांची. मधे काळं, रिकामं अवकाश. सरकवत राहा, सरकवत राहा, काही येत नाही. कोपऱ्यात एक बटण आहे, ते दाबलं की पान त्या मापातल्या प्रकाशाच्या वेगानं आपोआप सरकू लागतं. प्रकाश म्हणजे सगळ्यात वेगवान, हे मुलांना पाठ. म्हणून त्यांना वाटलं की आता पान सुसाट सुटणार. ते मुंगीच्या चालीनं निघालं. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, हे वाक्य मी वर्गात किती वर्षं सांगितलं त्याचा हिशोब नाही. त्या दिवशी आम्ही ती आठ मिनिटं बसून काढली. बुध गेला, शुक्र गेला. पृथ्वी आली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. "गुरूपर्यंत जाऊया," असं एक जण म्हणाला. गुरू पाऊण तासाच्या थोडा अलीकडे आहे. वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून तो बेत पुढच्या शनिवारी पार पाडला.

शब्दांचे खेळ मला स्वतःला फार आवडतात. जॉश वॉर्डलनं 'वर्डल' हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी केला. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, ओळखायला सहा संधी, आणि दिवसाला एकच शब्द. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात. त्यांतले ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास पलकनं बसून निवडले. २०२१च्या शेवटी खेळ सगळ्यांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो खेळणारे होते ९० जण, आणि दोन महिन्यांत तीन लाखांवर. २०२२च्या जानेवारीत 'न्यू यॉर्क टाइम्स'नं तो विकत घेतला. त्याची खरी गंमत माझ्या मते दिवसाला एकाच शब्दात आहे. खेळून झालं की उद्यापर्यंत थांबा.

आमच्या मुलांना इंग्रजी शब्द अडायचे, म्हणून आम्ही तो कागदावर मराठीत आणला. तिथे खरी मजा सुरू झाली. इंग्रजीत अक्षर एकतर बरोबर किंवा चूक. आपल्या अक्षरावर काना, मात्रा, वेलांटी बसते. गुप्त शब्द 'नारळ' असेल आणि कोणी 'नवरा' म्हटलं, तर पहिलं 'न' बरोबर की चूक? अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की व्यंजन जागेवर असेल पण स्वरचिन्ह चुकलं असेल तर अर्धा गोल काढायचा, सगळं जुळलं तर पूर्ण गोल. जोडाक्षर एकच धरायचं, म्हणजे 'समुद्र' तीन अक्षरी. हा नियम चौथीतल्या एका मुलानं सुचवला आणि सगळ्यांनी मान्य केला. आपली लिपी कशी रचलेली आहे, हे व्याकरणाच्या तासाला जेवढं समजलं नसेल तेवढं त्या वादात मुलांना समजलं. घरी करून बघा. पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुरतो.

अगरवालचाच 'इन्फिनिट क्राफ्ट' हा २०२४चा खेळ. सुरुवातीला चार गोष्टी मिळतात: पाणी, अग्नी, वारा, माती. त्या एकमेकींवर ठेवायच्या. पाणी आणि अग्नी यांची वाफ होते, माती आणि पाणी यांचं रोप. मग वाफ, रोप, जे जे मिळेल ते पुन्हा एकमेकांवर. मिश्रणाचं उत्तर मागे बसलेलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र देतं, त्यामुळे यादी संपतच नाही. पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, "बाई, आकाश खय आसा?" घरी आजीकडून पंचमहाभूतं ऐकलेली असतात, तेव्हा चारच बघून तिला चुकल्यासारखं वाटणारच. ग्रीकांची चार आणि आपली पाच, यावर त्या दिवशी चांगली चर्चा झाली. तरी हा खेळ मी वीस मिनिटांवर चालू देत नाही. तो चांगला आहे, कल्पक आहे, पण त्याला तळ नाही.

'रेडिओ गार्डन' मात्र कितीही वेळ चालतो, कारण तो ऐकायचा आहे आणि ऐकता ऐकता हातानं दुसरं काम करता येतं. नेदरलँड्समध्ये २०१६ साली तयार झालेलं हे पान. पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि हिरव्या ठिपक्यावर थांबायचं, की त्या गावचा रेडिओ त्या क्षणी जे वाजवत असेल ते कानावर पडतं. आम्ही पुस्तकांना कव्हरं घालताना आइसलँड लावतो. भाषा कळत नाही, पण बातम्या सांगणाऱ्याचा सूर ओळखू येतो.

आणि आता ज्या पानाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. 'गॅलेक्सी झू'. २००७च्या जुलैमध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे जवळजवळ दहा लाख दीर्घिकांची छायाचित्रं पडली होती. प्रत्येकीचा आकार बघून गोलसर की सर्पिल, हे ठरवायचं होतं, आणि त्या काळी या कामात यंत्रापेक्षा माणसाचा डोळा सरस होता. म्हणून त्यांनी छायाचित्रं इंटरनेटवर लोकांसमोर ठेवली. पहिल्या वर्षात दीड लाखांहून जास्त सामान्य माणसांनी मिळून पाच कोटी वेळा उत्तरं नोंदवली. एकच दीर्घिका अनेकांना दाखवायची आणि बहुतेकांचं मत घ्यायचं, म्हणजे एकट्यादुकट्याची चूक धुऊन निघते.

त्यांत हॅनी व्हॅन आर्केल नावाची नेदरलँड्समधली शाळेतली बाई होती. त्याच वर्षी एका दीर्घिकेच्या खाली तिला एक विचित्र डाग दिसला. तिनं विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनाही सांगता येईना. पुढे हबल दुर्बीण तिकडे वळवली गेली. शेजारच्या दीर्घिकेचं मध्य एके काळी प्रचंड तेजानं जळत होतं. ते तेज आता मंदावलंय, पण तेव्हा निघालेल्या प्रकाशानं उजळलेला वायूचा ढग म्हणजे तो डाग. त्याला आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ 'हॅनीज व्होरवेर्प' म्हणतात. व्होरवेर्प म्हणजे डच भाषेत नुसतं 'वस्तू'. एका शिक्षिकेनं विचारलेला प्रश्न आकाशाच्या नकाशात तिच्या नावानं नोंदला गेला. ही हकिगत मी मुलांना सांगते तेव्हा दर वेळी माझा आवाज थोडा चढतो.

त्याच कामातून पुढे 'झूनिव्हर्स' हे मोठं संकेतस्थळ उभं राहिलं. कॅमेऱ्यात सापडलेले जंगली प्राणी ओळखण्यापासून जुन्या हस्तलिखित नोंदी उतरवून काढण्यापर्यंत अनेक कामं तिथे असतात. भाषा बहुतेक ठिकाणी इंग्रजी, म्हणून मुलांसोबत मोठ्या माणसाला बसावं लागतं. बसावंच. एकट्या मुलाला पडद्यासमोर सोडण्यासाठी यातलं एकही पान मी सुचवणार नाही.

शेवटचं पान पुण्याचं. अरविंद गुप्ता यांनी आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांचं विज्ञान केंद्र चालवलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाकाऊ वस्तूंपासून करायची शेकडो खेळणी आणि हजारो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, मराठीतही भरपूर. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांच्यापासून त्रिकोण, चौकोन, घर. आम्ही पानावर बघतो, संगणक बंद करतो आणि जमिनीवर बसून करतो. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. वाचनालयाच्या पत्र्याखालच्या कैच्या त्रिकोणी का असतात, ते मुलांनी मान वर करून स्वतःच सांगितलं.

रापणीचा प्रश्न विचारणारी मुलगी त्या दिवशी वहीत आकडा लिहून घरी गेली. पुढच्या शनिवारी तिचा आजा तिच्यासोबत आला. पडद्यासमोर खुर्ची टाकून बसला आणि तळ येईपर्यंत उठला नाही. मग विचारलं, "हंय मासो आसा?" खाली, त्या काळोखातही जीव आहेत, हे त्याला दाखवलं.

तुमच्या घरात मूल असेल तर येत्या सुट्टीच्या दिवशी त्याला शेजारी बसवा आणि 'द डीप सी' उघडा. मधेच सोडू नका, तळापर्यंत उतरा. अर्धा तास पुरेल.