क्रूझवरचं ‘बर्लिन’ आणि खरंखुरं टॅलिन

बाल्टिक समुद्रातल्या क्रूझचं वेळापत्रक नीट वाचा, मंडळी! त्यात ‘बर्लिन’ लिहिलेलं असतं, पण बर्लिनला समुद्र कुठला? जहाज लागतं वार्नेमुंडेला. तिथून बर्लिन अडीच-तीन तास, परतायला तेवढेच. त्यापेक्षा शेजारचं रोस्टॉक निवांत फिरावं, असं माझं मत.

खरी मजा एस्टोनियातल्या टॅलिनला. धक्क्यापासून जुनं शहर चालत पंधरा-वीस मिनिटांवर. टॅक्सी नको, टूर नको. टाउन हॉलच्या चौकात औषधांचं एक दुकान आहे. 1422च्या नोंदीत त्याच्या तिसऱ्या मालकाचा उल्लेख आहे, आणि ते आजही चालू आहे! पूर्वी इथे मार्झिपान औषध म्हणून विकत. बदाम-साखरेचा गोळाच तो, आपल्या बदाम बर्फीचा चुलतभाऊ. रस्ते दगडी आणि खडबडीत, त्यामुळे चपला नकोत, बूटच घाला.

स्टॉकहोमला 1628मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि 1961मध्ये वर काढलेलं ‘वासा’ जहाज बघाच. तुमची क्रूझ शहराबाहेरच्या न्यूनेसहाम्न बंदरात न थांबता थेट शहरात जाणार असेल, तर पहाटेचा गजर लावा. असंख्य बेटांमधून जहाज अलगद वाट काढत जातं. कॉफी घेऊन थेट डेक गाठा, नाश्ता नंतरही मिळतो.