परसबागेतील मातीच्या अन्नद्रव्यांचा असमतोल व त्याचे निराकरण : नागपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
परसबागेतील भाजीपाला पिवळा पडू लागला की खत कमी पडले असे मानून अधिक खत घातले जाते. नागपूर परिसरातील काळ्या मातीत मात्र या उपायाने अनेकदा मूळ दोष वाढतो. अन्नद्रव्याचा अभाव हा असमतोल आहेच. परंतु अन्नद्रव्य मातीत असूनही मुळांना न मिळणे हाही असमतोलच होय.

मातीचे स्वरूप :
ही काळी माती प्रामुख्याने बेसाल्ट खडकापासून तयार झाली आहे. तीत चिकणमातीचे व चुनखडीचे प्रमाण अधिक असल्याने तिचा सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ असतो. अशा मातीत लोह व जस्त अविद्राव्य होतात, तर स्फुरद चुन्याशी बद्ध होतो. पालाश बहुधा पुरेसा असतो. नत्र व सेंद्रिय कर्ब मात्र कमी आढळतात. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या मातीत उपयुक्त ठरणारी चुलीतील राख येथे सामू आणखी वाढविते.

लक्षणे :
वनस्पती नत्र जुन्या पानांतून नव्या पालवीकडे नेते. म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची पाने प्रथम पिवळी पडतात. लोह असे स्थलांतरित होत नाही. त्यामुळे शेंड्याची पाने पिवळी होतात व शिरा हिरव्या राहतात. जस्ताअभावी पाने लहान व पेरी आखूड राहतात. स्फुरदयुक्त खताच्या अतिवापरानेही जस्ताची उपलब्धता घटते.

माती परीक्षण :
राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचे (स्थापना १९७६) मुख्यालय नागपूर येथेच आहे. तथापि, प्रादेशिक मृदा नकाशावरून एका वाफ्यातील दोष कळत नाही. त्यासाठी पाच-सहा ठिकाणांहून १५ ते २० सें.मी. खोलीपर्यंतची माती घेऊन, एकत्र मिसळून, अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेत द्यावा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून किंवा उपलब्ध जस्त किलोमागे ०.६ मिलिग्रॅमहून कमी असल्यास कमतरता समजावी.

उपाययोजना :
१) दर चौरस मीटरला सुमारे दोन किलो कुजलेले शेणखत द्यावे. कच्चे शेणखत टाळावे.
२) जस्ताची कमतरता सिद्ध झाल्यास दर चौरस मीटरला २ ते २.५ ग्रॅम झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे. स्फुरदयुक्त खतात मिसळू नये.
३) चुनखडीयुक्त मातीत घातलेले हिराकस लवकर निरुपयोगी होते. म्हणून लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात त्याची सायंकाळी पानांवर फवारणी करावी व गरजेनुसार १०-१५ दिवसांनी पुन्हा करावी.
४) पाण्याचा निचरा राखावा, पाणी साचल्यास लोहाची कमतरता तीव्र होते.

निष्कर्ष :
चुनखडीमुळे नागपूरच्या काळ्या मातीचा सामू सहजासहजी उतरत नाही. त्यामुळे तो बदलण्याच्या खटाटोपापेक्षा सेंद्रिय कर्ब वाढविणे व परीक्षणात उणे आढळलेले अन्नद्रव्यच मोजून देणे अधिक परिणामकारक ठरते. उपायाचा परिणाम जुन्या पानांवर न पाहता नव्या पालवीवर पाहावा.