निलंबन खाली, निर्णय वर : सरकारी रुग्णालयांतले मृत्यू आणि राजकीय उत्तरदायित्व

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



विषय जड आहे, त्यामुळे मी थेट तीन घटनांपासून सुरुवात करते. तिन्ही तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेल्या आहेत.

पहिली, ९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा रुग्णालय. मध्यरात्र उलटून गेल्यावर नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली.

दुसरी, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला. अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं जिल्हा रुग्णालय. कोविडसाठी उभारलेल्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्या एका दिवसात ११ रुग्ण दगावले.

तिसरी, २०२३ चा सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागतानाची. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. २४ तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात. पुढच्या दिवशीचे धरले तर आकडा ३१ वर गेला. इथे आग नव्हती, वायुगळती नव्हती. रोजच्यासारखं चाललेलं रुग्णालय होतं.

या तिन्ही ठिकाणी पुढे काय झालं ते बघा, कारण आपला विषय तिथेच सुरू होतो.

कारवाई कोणावर झाली?

भंडाऱ्यात चौकशी समिती नेमली गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, आणखी काही अधिकारी-कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. नगरमध्ये निलंबनं झाली, शिवाय एक डॉक्टर आणि काही परिचारिका यांना पोलिसांनी अटक केली. तेव्हा परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांचा सवाल साधा होता : इमारतीतली वायरिंग आणि आग विझवण्याची यंत्रणा ही परिचारिकेची जबाबदारी कधीपासून झाली?

नांदेडला तर वेगळंच घडलं. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील रुग्णालयात गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. कॅमेऱ्यासमोर. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला, आणि एका नातेवाईकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही झाला.

आता त्या प्रसंगात एक शब्द आहे, ‘प्रभारी’. म्हणजे पूर्णवेळ नेमणूक झालेली नाही, तात्पुरता कारभार बघणारा माणूस. शौचालय घाण आहे याचा जाब खासदाराने त्या माणसाला विचारला. पण सफाई कर्मचाऱ्यांच्या जागा किती मंजूर आहेत, किती भरल्या, पूर्णवेळ अधिष्ठाता का नाही, याचं उत्तर देणारे लोक त्या शौचालयात नव्हते. ते मुंबईत मंत्रालयात होते. आणि खासदार ज्या पक्षाचे, तो पक्ष तेव्हा राज्यात सत्तेत होता.

म्हणजे झाडू खालच्या माणसाच्या हातात आला आणि जाब वर गेलाच नाही.

तीन प्रकारची जबाबदारी

आपण बोलताना ‘जबाबदारी’ हा एकच शब्द वापरतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक, फौजदारी. कोणाच्या निष्काळजीपणामुळे जीव गेला का? हे पोलीस आणि न्यायालय ठरवतात, त्याला पुरावा लागतो.

दोन, प्रशासकीय. नेमून दिलेलं काम अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने केलं का? हे विभागीय चौकशीत ठरतं.

तीन, राजकीय. इथे मंत्र्याने स्वतः काही गुन्हा केला का, हा प्रश्नच नसतो. मंत्र्याने आग लावली असं कोणी म्हणत नाही. प्रश्न असा असतो की पैसा, माणसं आणि मंजुरी या तीन गोष्टी ज्याच्या हातात होत्या, त्याने त्यांचं काय केलं, हे तो लोकांना सांगतो का. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार राज्याचं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे. म्हणजे उत्तर कोणी द्यायचं, याबद्दल कागदावर काहीच संदिग्धता नाही.

आपल्याकडे होतं असं की दुर्घटना घडली की पहिल्या दोन प्रकारांची धावपळ सुरू होते, आणि त्या धुरळ्यात तिसरा प्रकार दिसेनासा होतो. निलंबनाचा आदेश निघाला की बातमी होते, ‘सरकारची कठोर कारवाई’. म्हणजे ज्याने उत्तर द्यायचं, तोच कारवाई करणारा म्हणून समोर येतो.

जे. जे. प्रकरण : चौकशी वर गेली तेव्हा

हे नेहमी असंच होतं का? नाही. महाराष्ट्रातलंच उदाहरण आहे.

१९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांना औषध म्हणून ग्लिसरॉल दिलं होतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं औद्योगिक वापराचं विषारी रसायन मिसळलेलं निघालं. हे रसायन मूत्रपिंड निकामी करतं.

आता त्या वेळी काय करता आलं असतं? वॉर्डातल्या डॉक्टरला, परिचारिकेला निलंबित करता आलं असतं. बाटली त्यांच्याच हातून दिली गेली होती ना! पण न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि आयोगाने बाटलीचा माग उलट दिशेने काढला. बाटली वॉर्डात भांडारातून आली. भांडारात पुरवठादाराकडून आली. त्या पुरवठादाराची निवड कशी झाली? औषधाची तपासणी का झाली नाही? ज्याने तपासायचं ते अन्न व औषध प्रशासन काय करत होतं? आणि त्या प्रशासनाच्या कामात मंत्र्यांकडून हस्तक्षेप होत होता का? एकेक पायरी वर जात चौकशी मंत्र्यांच्या दालनापर्यंत पोहोचली. अहवालात मंत्र्यांच्या वर्तनावर ताशेरे आले आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचं सार याच उदाहरणात आहे. चौकशी ज्या पायरीवर थांबते, त्या पायरीवर जबाबदारी थांबते. आणि चौकशी कुठे थांबायची, हे बऱ्याचदा ती नेमतानाच ठरलेलं असतं.

इथे एक तांत्रिक पण फार महत्त्वाचा मुद्दा सांगते. चौकशी आयोग कायदा १९५२ चा. या कायद्याखाली सरकारने आयोग नेमला, तर त्याचा अहवाल, आणि त्यावर काय कारवाई केली याचं निवेदन, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळासमोर ठेवणं बंधनकारक आहे. खात्यांतर्गत किंवा आयुक्तांच्या समितीला असं बंधन नाही. ती अहवाल सरकारला देते, सरकार त्यातलं हवं तेवढं पत्रकार परिषदेत सांगतं. म्हणून दुर्घटनेनंतर ‘समिती नेमली’ हे ऐकलं की लगेच विचारायचं : कोणत्या कायद्याखाली? तपासाचे मुद्दे कोणते? आणि अहवाल सभागृहात येणार का?

मालक कोण?

आता अडचण कुठे आहे ते बघू. रुग्णाच्या दृष्टीने सगळं एकच असतं, ‘सरकारी दवाखाना’. पण त्याचे मालक वेगवेगळे आहेत.

भंडारा आणि नगरची जिल्हा रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची. नांदेडचं रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाचं. मंत्री वेगळा, सचिव वेगळा. ऑगस्ट २०२३ मध्ये ठाण्यात कळव्याच्या ज्या रुग्णालयात २४ तासांत १८ मृत्यू झाले, ते ठाणे महापालिकेचं. इमारत आणि विजेचं काम म्हटलं की सार्वजनिक बांधकाम विभाग. पैसा वित्त विभागाचा.

औषधखरेदीचं तर आणखी वेगळं. बरीच वर्षं ती हाफकिन महामंडळाकडे होती. तिथून औषधं वेळेवर मिळत नाहीत अशी ओरड होती, म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं. नांदेडच्या घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा एक गोष्ट समोर आली : या नव्या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीच नव्हता. पुन्हा तेच, ‘प्रभारी’.

इतके हात एका खाटेला लागलेले असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. आणि गंमत अशी की प्रत्येकाचं म्हणणं थोडं थोडं खरंही असतं. म्हणून राजकीय जबाबदारी लागते. इतक्या खात्यांना एकत्र बांधणारी जागा एकच आहे, मंत्रिमंडळ.

रिकामी जागा हासुद्धा निर्णय असतो

नांदेडनंतर सरकारकडून जे स्पष्टीकरण आलं त्याचा सूर असा होता, की रुग्णालयावर ताण खूप आहे, खासगी रुग्णालयं शेवटच्या क्षणी रुग्ण पाठवतात. हे खोटं नाही. पैसे संपले की खासगीतून सरकारीत आणणं, हे मराठवाड्यात कोणालाही माहीत आहे. पण ताण आहे हे माहीत असेल तर त्या ताणाप्रमाणे माणसं, खाटा, औषधं द्यायची कोणी?

पद रिकामं राहतं तेव्हा आपल्याला वाटतं काही घडलेलं नाही. खरं तर जाहिरात न काढणं, फाइल वित्त विभागात पडून राहणं, हे सगळे निर्णयच असतात. फक्त त्यावर कोणाची सही दिसत नाही. निलंबन करायला सही लागते आणि ती खालच्या माणसाच्या नावावर निघते. पद न भरण्याबद्दल निलंबित झालेला माणूस मला तरी आठवत नाही.

पैशाचंही तसंच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटलं होतं की राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला आहे, आणि या काळात जवळजवळ सगळे मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत बसून गेले. भंडारा एका सरकारच्या काळात, नांदेड दुसऱ्या. म्हणून हा विषय एका पक्षाविरुद्धचा समजू नका.

आणि पैसा नाही, हे कायद्यापुढे पुरेसं उत्तरही नाही. पश्चिम बंगालमधला एक मजूर रेल्वेतून पडून जखमी झाला. कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून त्याला परत पाठवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं की तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि निधीची कमतरता ही सबब राज्याला सांगता येणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. तत्त्व मोठं होतं. पण बघा, न्यायालय भरपाई देऊ शकतं, आदेश देऊ शकतं. रोजची पदं भरणं ते करू शकत नाही.

दुर्घटनेआधीचे प्रश्न

भंडाऱ्यानंतर राज्यातल्या रुग्णालयांचं फायर ऑडिट करण्याची घोषणा झाली. दहा महिन्यांनी नगरची आग लागली. ऑडिट म्हणजे तपासणी. तपासणीनंतर यंत्रणा बसवायला पैसा, मंजुरी आणि काम लागतं. घोषणेचा पाठपुरावा करणारी व्यवस्था आपल्याकडे आहे : विधिमंडळात तारांकित प्रश्न आहेत, लोकलेखा समिती आहे, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या शब्दाचा माग ठेवणारी आश्वासन समितीसुद्धा आहे. पण आमदाराला ते वापरायची गरज तेव्हाच वाटते, जेव्हा मतदारसंघात कोणी विचारतं.

आणि विचारणं जमतं, हेही आपल्याकडे दिसलेलं आहे. २००७ पासून महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातले लोक प्राथमिक आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. औषध का नाही, डॉक्टर मुक्कामी का नाही, बाहेरची चिठ्ठी का दिली, असे साधे प्रश्न. कोणी मेल्यानंतर नव्हे, आधी. जिथे हे नेटाने चाललं तिथे खालच्या पातळीवर फरक पडला. पण जी गोष्ट तालुक्यात सुटत नव्हती, ती वर गेली की अडकायची. म्हणजे पुन्हा तीच पायरी.

प्रश्नोत्तरांतून

*मंत्र्याने राजीनामा दिल्याने काय बदलतं? दुसरा येतो.*

तुमचं बरोबर आहे, नुसत्या राजीनाम्याने काही बदलत नाही. उलट कधीकधी राजीनामा म्हणजे विषय मिटवण्याची सोय होते. मला राजीनाम्यापेक्षा हिशेब महत्त्वाचा वाटतो. सभागृहात उभं राहून, किती पदं होती, किती मागितली, कोणी अडवली, कधीपर्यंत भरणार, हे तारखेसह सांगणं. जे. जे. प्रकरणात राजीनाम्याला वजन आलं ते त्याच्या मागे अहवाल होता म्हणून.

*मग डॉक्टर, नर्स यांची काहीच चूक नसते का?*

असते ना. कामचुकार माणूस असेल, पैसे मागणारा असेल, तर कारवाई व्हायलाच हवी. फक्त कारवाईची यादी तिथे संपायला नको. एका परिचारिकेकडे तिच्या क्षमतेच्या कितीतरी पट रुग्ण असतील, तर तिच्या चुकीसोबत ती नेमणूकही चौकशीत यायला हवी.

*आम्ही सामान्य माणसांनी नेमकं काय करायचं?*

एक सोपं काम सांगते. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाबद्दल माहितीच्या अधिकारात चार गोष्टी मागा : मंजूर पदं आणि भरलेली पदं, फायर ऑडिटची प्रत आणि त्यातली किती कामं झाली, औषधांची मागणी किती केली आणि मिळाली किती, आणि वरिष्ठांकडे मंजुरीसाठी पडून असलेले प्रस्ताव, तारखांसह. चौथा मुद्दा सोडू नका, कारण सही नसलेले निर्णय त्यातच दिसतात. उत्तर आलं की ते डॉक्टरच्या टेबलावर आपटू नका. आमदाराकडे घेऊन जा, आणि अधिवेशनाच्या आधी जा.