विहिरीतील सोडियम



आमच्या भातकुलीकडे पाहुणा आला म्हणजे पाण्याचा तांब्या पुढे करताना यजमान हळूच म्हणत असे, "पाणी जरा खारे आहे हो." पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून त्याचा विस्तार सुमारे 4,700 चौरस किलोमीटर भरतो. जमीन काळी आणि दिसण्यात कसदार. परंतु विहीर खणावी तर पाणी खारट लागते, आणि तेच पाणी पिकास द्यावे तर काही वर्षांत जमीन बिघडते. या दोन्ही दुःखांचे कारण मी आज रसायनशास्त्राच्या आधारे सांगणार आहे. ते कारण परमाणूच्या अगदी बाहेरच्या अंगास सापडते.

शिक्षक असताना मी वर्गात रॉकेलच्या बाटलीतून सोडियम धातूचा मुगाएवढा तुकडा काढून पाण्यात टाकून दाखवीत असे. तो पाण्यावर फुसफुसत सैरावैरा धावतो, हायड्रोजन वायू सुटतो, आणि कधी कधी तो वायू पेटही घेतो. एकदा हा प्रयोग झाल्यावर मी सांगितले की, आपल्या विहिरीच्या पाण्यातही सोडियम विपुल आहे. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "गुरुजी, मग आपली विहीर काहून नाही पेटत?" मी म्हणालो, "तेथे ते क्लोरीनच्या संगतीत असते." मुलगा खाली बसला, पण उत्तर अपुरे होते, हे मला ठाऊक होते. क्लोरीन तरी कोठे सौम्य? पहिल्या महायुद्धात, 1915 साली, बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर जो विषारी वायू सोडण्यात आला, तो हाच. दोन दुर्जनांच्या संगतीतून सज्जन कसा निपजावा? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. खरे उत्तर मला पुस्तके पुन्हा उघडून शोधावे लागले.

परमाणूच्या मध्यभागी धन विद्युद्भाराचे केंद्रक असते व त्याभोवती ऋण भाराचे इलेक्ट्रॉन कवचाकवचांनी वसलेले असतात. ते ग्रहांप्रमाणे ठराविक वाटेने फिरतात, असे आता मानीत नाहीत. अमुक भागात ते आढळण्याचा संभव अधिक, एवढेच म्हणतात. तथापि कवचांचा हिशेब आपल्या कामापुरता खरा उतरतो. पहिल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन मावतात, दुसऱ्यात आठ. निऑनचे दहा इलेक्ट्रॉन दोन आणि आठ असे नेमके बसतात. म्हणून तो वायू कोणाच्या देण्याघेण्यात पडत नाही. सोडियमचे अकरा, त्यांतील अकरावा तिसऱ्या कवचात एकटा पडतो आणि सहज निसटतो. क्लोरीनचे सतरा, त्याच्या बाह्य कवचात सात असून आठास एक उणा असतो.

घरात माणसे पुष्कळ असली तरी दारी आलेल्याशी व्यवहार ओसरीवर बसलेल्यांचाच होतो. परमाणूचेही तसेच आहे. पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन एकोणीस. पण त्यांची मांडणी दोन, आठ, आठ, एक अशी आहे. ओसरीवर पुन्हा एकच! म्हणून पोटॅशियमही पाण्यात पडताच पेटते. गुणांची ही पुनरावृत्ती ओळखून मेंडेलेव्हने 1869 साली मूलद्रव्यांचे कोष्टक मांडले. इलेक्ट्रॉनाचा शोध टॉमसनने लावला तो 1897 साली. नियम आधी दिसला, कारण मागाहून कळले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. सोडियम आणि क्लोरीन यांची गाठ पडताच सोडियमचा एकटा इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो. दोघांचीही बाह्य कवचे आठांनी पूर्ण होतात. देणाऱ्यावर एक धन भार उरतो, घेणाऱ्यावर एक ऋण भार चढतो. अशा भारित परमाणूस आयन म्हणतात. विहिरीत आहे तो सोडियमचा आयन. पेट घेण्यासाठी जो इलेक्ट्रॉन द्यावा लागतो, तो त्याने कधीच देऊन टाकला आहे! त्याची मांडणी आता निऑनसारखी दिसते. मात्र तो निऑन झालेला नाही, कारण केंद्रकातील धन भार अकराच राहिला आहे. उरलेल्या त्या एका धन भारामुळे पाण्याचे रेणू त्याला चोहोंकडून वेढून धरतात. म्हणूनच पाणी उकळले, गाळले किंवा त्यात तुरटी फिरवली, तरी खारटपणा जात नाही.

हाच एक भार शेतात निराळे रूप दाखवतो. काळ्या मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण भार असतो. कॅल्शियमच्या बाह्य कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. ते गेले की त्याच्या आयनावर दोन धन भार उरतात, आणि तो मातीच्या कणांना एकत्र बांधून ठेवतो. सोडियमच्या एका भाराला ते साधत नाही. खाऱ्या पाण्याबरोबर सोडियम मातीत साचला की कण सुटे होतात. ओली माती फुगून चिकट होते, पाणी खाली मुरत नाही, आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी टणक बनते. विहीर असूनही आमच्याकडील कास्तकार पावसाकडे का डोळे लावून बसतो, हे शहरातील मंडळींस यावरून उमजेल.

उपायही या हिशेबातच आहे. अशा जमिनीत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालतात. त्यातील दोन भारांचा कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो. परंतु हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर वाहून गेला पाहिजे. निचरा नसेल, तर तो तेथेच घोटाळत राहतो आणि खर्च वाया जातो. पूर्णेच्या सखल खोऱ्यात निचऱ्याचेच कठीण असते. म्हणून जिप्समची पोती उतरवण्याआधी शेताचे चर पाहावेत, हे माझे सांगणे.

तो मुलगा आज कोठे असेल, मला माहीत नाही. भेटला तर त्याला सांगेन, "बाबा रे, आपली विहीर पेटत नाही, कारण तिच्यातल्या सोडियमने आपल्याजवळचे देणे आधीच देऊन टाकले आहे."